फझलुर खान आणि वाऱ्याचं गणित

इमारत उंच होत गेली की तिचं वजन वाढतं, हे उघड आहे. पण चाळीस-पन्नास मजल्यांच्या पुढे स्ट्रक्चरल इंजिनिअरची झोप उडवतो तो वारा. त्याच्या आडव्या रेट्याने इमारत वाकते, झुलते. तो रेटा पेलायला लागणारं पोलाद उंचीपेक्षा कितीतरी झपाट्याने वाढत जातं.

यावर तोड काढली फझलुर रहमान खान यांनी. जन्म १९२९, ढाका. १९५२ मध्ये ते शिष्यवृत्तीवर इलिनॉय विद्यापीठात गेले, तीन वर्षांत दोन मास्टर्स पदव्या आणि पीएचडी मिळवली आणि १९५५ मध्ये शिकागोच्या 'स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल' या इमारतींचे आराखडे करणाऱ्या कंपनीत रुजू झाले.

तोवरच्या उंच इमारतींत कॉलम-बीमचा सांगाडा आतून बाहेरपर्यंत सगळीकडे पसरलेला असे. खान यांनी वाऱ्याशी झुंजण्याचं काम बाहेरच्या भिंतींवर सोपवलं. वाकण्याला विरोध करताना मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग मोजावा लागतो. तेच पोलाद मध्यापासून दुप्पट लांब नेलं, तर त्याचा उपयोग चौपट होतो. पोकळ बांबू ताठ राहतो तो याच हिशेबाने. म्हणून कडेला जवळजवळ कॉलम उभे करून अख्खी इमारतच एक नळी करायची.

या नळीत एक उणीव होती. कोपऱ्यांतले कॉलम जास्त भार घेत आणि मधले जवळपास रिकामे राहत. खान यांच्याच शिकागोतल्या जॉन हॅनकॉक सेंटर या इमारतीच्या (१९६९) दर्शनी भागावर जे प्रचंड फुलीसारखे तिरके खांब दिसतात, ते हा भार सगळ्या कॉलमांत वाटून देतात. काही फ्लॅटच्या खिडक्यांसमोरून हे खांब तिरपे जातात, तरी ते झाकले नाहीत. शंभर मजली हॅनकॉकला दर चौरस मीटरमागे सुमारे १४५ किलो पोलाद लागलं, न्यूयॉर्कच्या जुन्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला सुमारे २०६. माझ्या मते खान यांचं सर्वांत देखणं काम हेच.

पण इमारत झुलली तर माणसाला ते जाणवेल का? याचा अंदाज घ्यायला खान यांनी शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात वॉशिंग मशीनच्या प्रदर्शनातला फिरता चबुतरा वापरला. त्यावर माणसं ठेवून हालचाल कधी कळते, ते तपासलं.

पुढे शिकागोतल्याच सिअर्स टॉवरसाठी (१९७४, ४४२ मीटर) त्यांनी प्रत्येकी सुमारे २३ मीटर रुंदीच्या नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. आतल्या भिंतींमुळे मधले कॉलमही कामाला लागले. काही नळ्या ५०व्या मजल्यावर संपतात, काही ६६व्या, काही ९०व्या. माथ्यापर्यंत जातात त्या फक्त दोन.