पीसवाइज फंक्शन: आधी अट, मग सूत्र
(अकरावी सायन्स व कॉमर्सचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी)

फंक्शनची चाचणी जवळ आली की डाउटच्या तासाला एकाच प्रकारच्या वह्या पुढ्यात येतात. एका प्रश्नाखाली तीन उत्तरं, शेजारी प्रश्नचिन्ह आणि वर विचारणा: "सर, यातलं सूत्र नक्की कुठलं लावायचं?" पालकांचे मेसेजही तेच विचारतात. म्हणून पीसवाइज फंक्शनवर, म्हणजे क्षच्या वेगवेगळ्या टप्प्यांत वेगवेगळं सूत्र असणाऱ्या फंक्शनवर हे पत्रक. सरळ रेषेचा आलेख आणि वर्गसमीकरण येतं, असं धरलं आहे. पुस्तकातलं ‘एफ ऑफ एक्स’ इथे फ(क्ष) असं छापलंय. मराठी माध्यमातून आलेल्यांनी फंक्शन म्हणजे ‘फल’ समजावं.

मीटरची रिक्षा

१ फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दराने ठाण्यात पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, त्यापुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये. रात्रीचं जादा भाडं आणि वेटिंग सोडून हेच गणितात लिहू:

भाडं = २६, जर ० < क्ष ≤ १.५
भाडं = २६ + १७.१४ (क्ष − १.५), जर क्ष > १.५

चार किलोमीटरला २६ + १७.१४ × २.५ = ६८.८५, म्हणजे ६९ रुपये. वहीत मात्र हमखास २६ + १७.१४ × ४ = ९४.५६ सापडतं. पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे दोनदा मोजले गेले. रिक्षावाल्याने असं केलं तर आपण भांडू, वहीत मात्र खपवून घेतो. (शेअर रिक्षात कुठेही उतरा, सीटचे पैसे तेवढेच. ते कॉन्स्टंट फंक्शन, आलेख आडवी रेघ.)

वेळ खाणारी चूक

फ(क्ष) = २क्ष + ३, जर क्ष < १
फ(क्ष) = क्ष² − १, जर १ ≤ क्ष < ४
फ(क्ष) = ७, जर क्ष ≥ ४

मुलं डावीकडून वाचतात. सूत्र आधी दिसतं, हात लगेच किंमत घालायला लागतो, आणि अट वाचायची राहते. फ(१) विचारलं की ५, ० आणि ७ अशी तीन उत्तरं निघतात. हे तीन डबे आहेत. क्ष आधी आपल्या डब्यात चढवा, मगच तिथलं सूत्र लावा. १ दुसऱ्या डब्यात बसतो, कारण बरोबरचं चिन्ह तिथे आहे. म्हणून फ(१) = ०, बस्स. एका क्षला एकच उत्तर असतं, नाहीतर ते फंक्शनच नव्हे.

खरी फसगत फ(फ(१)) मध्ये होते. फ(१) = ० इथवर बरोबर येतात. मग त्याच डब्यात बसून ०² − १ = −१ लिहून मोकळे. पण आत आता ० गेला आहे आणि ० हा १ पेक्षा लहान, म्हणजे पहिला डबा: २ × ० + ३ = ३. प्रत्येक वेळी आत जाणारी संख्या बदलली की डबा पुन्हा तपासायचा.

उलटा प्रश्न: फ(क्ष) = ३ केव्हा? पहिल्या डब्यात क्ष = ०, अटीत बसतो. दुसऱ्यात क्ष² = ४, म्हणून २ किंवा −२. यातला −२ त्या डब्यातला नाही, त्याला उतरवा. तिसऱ्यात ७ कधीच ३ होत नाही. उत्तर ० आणि २. ‘−२ अटीत बसत नाही’ ही ओळ लिहायलाच हवी. ती नसली तर −२ मुद्दाम वगळला की सुचलाच नाही, हे तपासणाऱ्याला कळत नाही.

‘फंक्शन कंटिन्युअस (आलेख कुठेही न तुटणारं) होण्यासाठी के काढा’ या प्रश्नात दोन सूत्रं फक्त सीमेवर जुळवायची. क्ष ≤ ३ साठी के·क्ष + १ आणि क्ष > ३ साठी क्ष² − २ असेल, तर ३के + १ = ७, के = २. सीमेची किंमत न घालता दोन्ही सूत्रं समान लिहिली की समीकरणात क्ष तसाच उरतो आणि पानभर गिरवूनही हाती काही लागत नाही.

उरलेली दोन

मॉड्युलस हेही पीसवाइजच. क्ष ऋण असताना |क्ष| = −क्ष. उणे चिन्ह बघून घाबरू नये, −(−५) म्हणजे ५. ग्रेटेस्ट इंटिजरमध्ये [२.७] = २, पण [−२.३] = −३. दशांश नुसता खोडायचा नसतो, संख्यारेषेवर डावीकडचा पूर्णांक घ्यायचा असतो.

पालकांसाठी

तुमचा प्राप्तिकरही असाच. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के. टक्का फक्त त्या टप्प्यातल्या रकमेला लागतो. १२ लाखांवर २०,००० + ४०,००० = ६०,००० येतात, ते रिबेटने शून्य होतात. मग १२ लाख १० हजारांवर एकदम ६१,५०० भरायचे का? नाही. मार्जिनल रिलीफमुळे, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न त्याहून जास्त कर न घेण्याच्या सवलतीमुळे, १०,००० भरायचे (सेस वेगळा, आणि पगार-व्याजासारखं नेहमीचं उत्पन्न धरून). आलेखातली उडी बुजवायला सरकारने मध्ये एक जास्तीचा डबा जोडला आहे.

आमच्याकडे आलेख हातानेच का?

"दोन लेक्चर नुसत्या ग्राफपेपरवर गेली, पोर्शन मागे पडतोय", ही तक्रार दरवर्षी येते. मोबाईलचं ॲप आलेख झटकन काढतं हे खरं, पण सीमेवरचं टिंब पोकळ की भरीव, हे बऱ्याचदा त्यात धड दिसत नाही, आणि गुण तिथेच असतात. वरच्या उदाहरणात आम्ही आधी क्ष = १ आणि क्ष = ४ वर पेन्सिलने उभ्या रेघा मारून घेतो. मग प्रत्येक सूत्र आपापल्या दोन रेघांच्या आतच काढायचं. (१, ५) वर पोकळ टिंब, (१, ०) वर भरीव. (४, १५) वर पोकळ, (४, ७) वर भरीव. नाहीतर मुलं पानभर पॅराबोला काढतात आणि मग खोडत बसतात. ही दोन लेक्चर पुढे लिमिट आणि कंटिन्युइटीत वसूल होतात. सीईटीच्या गणितात ५० प्रश्नांना ९० मिनिटं मिळतात, तिथे तीनही सूत्रांत किंमत घालून बघायला कुणाला वेळ आहे?

डाउटला येताना नुसतं उत्तर आणू नका, अटीसकट पूर्ण रफ काम आणा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा असेल तर प्रश्नाचं अख्खं पान दिसू द्या. अट कापलेल्या फोटोला आम्ही उत्तर देत नाही, कारण देताच येत नाही. रविवारच्या आलेख-सत्राला बाहेरच्या विद्यार्थ्यांनीही बसायला हरकत नाही, पहिल्या वेळी फी नाही. ग्राफपेपर आम्ही देतो, पेन्सिल आणि खोडरबर घरून आणा.