डब्ल्यूईपी आणि जुन्या वायफाय एन्क्रिप्शनमधील त्रुटी

वायफायवरून हवेत जाणारा डेटा तिऱ्हाइताला वाचता येऊ नये, म्हणून आयईईई ८०२.११ या मूळ मानकाबरोबर १९९७ साली आलेली एन्क्रिप्शनची पद्धत म्हणजे डब्ल्यूईपी. पूर्ण नाव वायर्ड इक्विव्हॅलन्ट प्रायव्हसी. २००१ पासून तिच्यातील दोष एकामागून एक उघड होत गेले आणि २००४ मध्ये ती कालबाह्य ठरवण्यात आली. आज साधा लॅपटॉप आणि फुकट मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर तिची किल्ली काही मिनिटांत निघते. तिच्या जागी घाईने आणलेली टीकेआयपी ही एन्क्रिप्शनची पद्धत आणि पासवर्डऐवजी पिनवर उपकरण जोडण्याच्या सोयीसाठी आलेली डब्ल्यूपीएस यांतही दोष आहेत. गोव्यात घरोघरी होमस्टे, किनाऱ्यावर हंगामी शॅक (तात्पुरती उपाहारगृहे) आणि दर आठवड्याला नवे पाहुणे असल्यामुळे या दोषांचा संबंध अगदी घरगुती व्यवहारापर्यंत पोहोचतो.

रचना

डब्ल्यूईपीचा गाभा म्हणजे रॉन रिव्हेस्ट यांनी १९८७ मध्ये तयार केलेला आरसी४ हा अल्गोरिदम. किल्ली दिली की तो यादृच्छिक भासणाऱ्या बिट्सची लांबलचक माळ तयार करतो. ही माळ संदेशाशी एक्सऑर केली (दोन बिट वेगळे असले तर १, सारखे असले तर ०) की सांकेतिक मजकूर मिळतो आणि पलीकडे तीच माळ पुन्हा एक्सऑर केली की मूळ संदेश परत येतो. अशा पद्धतीत एक नियम कधीही मोडायचा नसतो. एकच माळ दोन संदेशांना वापरायची नाही. वापरली, तर दोन सांकेतिक मजकूर एकमेकांशी एक्सऑर केल्यावर माळ गळून पडते आणि उरतो तो दोन मूळ संदेशांचा एक्सऑर. त्यांतला एक ठाऊक असेल तर दुसरा लगेच कळतो.

हे टाळण्यासाठी प्रत्येक पॅकेटबरोबर, म्हणजे डेटाच्या प्रत्येक छोट्या तुकड्याबरोबर, २४ बिटांचा एक बदलता आकडा, म्हणजे आयव्ही, किल्लीच्या आधी जोडला जातो. तो उघडाच पाठवला जातो. अमेरिकेच्या त्या काळच्या निर्यात निर्बंधांमुळे सुरुवातीची किल्ली ४० बिटांची होती, पुढे १०४ बिटांची आली. राउटरच्या खोक्यावर छापलेले ‘६४ बिट’ आणि ‘१२८ बिट’ हे आकडे या २४ उघड्या बिटांसकट मोजलेले असत.

त्रुटी

डब्ल्यूईपी पडली ती किल्ली आखूड होती म्हणून, हा समज चुकीचा आहे. १०४ बिटांची किल्लीही जवळपास तितक्याच सहज निघते. दोष मांडणीत आहे.

२४ बिटांत १,६७,७७,२१६ आयव्ही बसतात. ऐकायला संख्या मोठी वाटते, पण ११ एमबीपीएसच्या गजबजलेल्या नेटवर्कवर ती सुमारे पाच तासांत संपते आणि मग आकडे पुन्हा येऊ लागतात. आयव्ही यादृच्छिक निवडले तर स्थिती आणखी वाईट होते. जेमतेम पाच हजार पॅकेटांतच एखादा आकडा पुन्हा येण्याची शक्यता निम्मी होते. काही जुनी कार्डे तर सुरू झाली की आयव्ही शून्यापासून मोजू लागत. पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी किंवा काणकोण तालुक्यात वीज वारंवार जाते, तिथे असे उपकरण दर वेळी त्याच सुरुवातीच्या माळा पुन्हा वापरणार.

पॅकेटमध्ये कुणी फेरफार केला का, हे तपासायला डब्ल्यूईपी सीआरसी-३२ ही बेरीज वापरते. वाटेत चुकून झालेला बिघाड पकडण्यासाठी ती चांगली आहे. मुद्दाम केलेली ढवळाढवळ मात्र तिला पकडता येत नाही, कारण कोणता बिट उलटवला की बेरीज किती बदलेल हे किल्लीशिवायही काढता येते. शिवाय तेच पॅकेट पुन्हा पाठवले तरी राउटर ते निमूट स्वीकारतो. ‘शेअर्ड की’ नावाची ओळख-तपासणी तर घातकच होती. राउटर उघडा मजकूर पाठवतो, ग्राहक उपकरण तो एन्क्रिप्ट करून परत देते, आणि हे दोन्ही ऐकणाऱ्याला बिट्सची माळ आयती मिळते. ही तपासणी बंद ठेवणे त्यापेक्षा बरे होते.

एकच किल्ली सगळ्यांना, ही व्यवस्थापनातली अडचण वेगळीच. हॉटेलातला हंगामी कामगार मे महिन्यात गावी गेला की किल्ली त्याच्याबरोबर जाते. ती बदलायची तर बिलिंगचा संगणक, प्रिंटर, कॅमेरे अशा प्रत्येक उपकरणात बदलावी लागते, म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

हल्ल्यांचा क्रम

२००१ मध्ये बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी आयव्हीची पुनरावृत्ती आणि सीआरसीचा दोष मांडला. त्याच वर्षी फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी दाखवले की काही विशिष्ट आयव्ही आले की आरसी४ च्या माळेचा पहिला बाइट किल्लीचा सुगावा देतो. तो बाइट ओळखणे अवघड नव्हते, कारण पॅकेटची सुरुवात ठरलेल्या मजकुरानेच होते. काही आठवड्यांत हा हल्ला प्रत्यक्षात उतरला आणि तो करणारी साधने सर्वांच्या हाती आली. २००७ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाटच्या ट्यूस, वाइनमान आणि पिश्किन यांनी १०४ बिटांची किल्ली ४०,००० पॅकेटांत ५० टक्के, तर ८५,००० पॅकेटांत ९५ टक्के शक्यतेने काढून दाखवली. एवढी पॅकेटे साठण्याची वाटही पाहावी लागत नाही. पकडलेले एखादे एआरपी पॅकेट (नेटवर्कमधल्या उपकरणाचा पत्ता विचारणारे) पुन्हापुन्हा पाठवले की राउटर स्वतःच नवी पॅकेटे ओतू लागतो आणि मिनिटभरात पुरेसा साठा होतो.

त्याच वर्षी विवेक रामचंद्रन आणि मोहम्मद सोहेल अहमद या भारतीय संशोधकांनी ‘काफे लाटे’ हल्ला मांडला. माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत जागे करणारा टप्पा, कारण त्यात राउटरच्या जवळपास जाण्याचीही गरज नाही. नेटवर्कपासून दूर असलेला लॅपटॉप ओळखीचे नेटवर्क शोधत असतो. त्याला खोटे नेटवर्क दाखवून त्याच्याकडूनच किल्ली काढता येते. पणजीच्या कचेरीतला लॅपटॉप कांदोळीच्या कॅफेत उघडला, की तिथे कचेरीची किल्ली उघडी पडू शकते.

व्यापारी जगाला खरा हादरा बसला तो अमेरिकेतील टीजेएक्स या दुकानसाखळीमुळे. तिच्या दुकानातील डब्ल्यूईपी नेटवर्कमधून चोर शिरले आणि किमान ४.५७ कोटी कार्डांचा तपशील गेल्याचे २००७ मध्ये कंपनीने सांगितले. कार्ड स्वीकारणाऱ्यांसाठीच्या पीसीआय नियमांनी ३० जून २०१० नंतर डब्ल्यूईपीवर पूर्ण बंदी घातली. कार्ड घेणारे गोव्यातले हॉटेलही या नियमाखाली येते.

टीकेआयपी, डब्ल्यूपीएस आणि नंतर

डब्ल्यूईपीच्या जागी २००३ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए या सुरक्षा पद्धतीतील टीकेआयपी जुन्याच उपकरणांवर चालावी म्हणून आरसी४ वरच बांधलेली होती. २००८ मध्ये बेक आणि ट्यूस यांनी तिच्यातली छोटी पॅकेटे उलगडून दाखवली. २०१२ च्या मानकात तीही कालबाह्य ठरली. खरा उपाय २००४ चा डब्ल्यूपीए२ आणि त्यातील एईएस हा अधिक मजबूत अल्गोरिदम.

डब्ल्यूपीएसचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्ये उघड झाले. डब्ल्यूपीए२ असलेल्या राउटरवरही हे दार उघडे असू शकते.

गोव्यातील वापर

चिऱ्याच्या जाड भिंतींतून सिग्नल नीट जात नाही. म्हणून जुन्या घरात मागच्या खोलीसाठी एक आणि बलकांवात (घरासमोरच्या बसायच्या ओट्यावर) एक असे रिपीटर लावले जातात. बलकांवातला रिपीटर रस्त्यावरही सिग्नल देतो, आणि तो जुना असेल तर सगळे नेटवर्क त्याच्या पातळीवर उतरते. कारण राउटर मिश्र पद्धतीवर (जुने आणि नवे दोन्ही एन्क्रिप्शन चालू) ठेवला, की सर्वांना एकदम जाणारी पॅकेटे सर्वांत कमकुवत एन्क्रिप्शनने पाठवली जातात. एका जुन्या प्रिंटरसाठी घरातला नवा फोनही त्या किमतीत सामील होतो.

बहुतेक संकेतस्थळे आता एचटीटीपीएस हे स्वतःचे वेगळे एन्क्रिप्शन वापरतात, त्यामुळे डब्ल्यूईपी फोडणाऱ्याला बँकेचा पासवर्ड सरळ वाचता येत नाही. पण तो घराच्या आतल्या नेटवर्कमध्ये येतो. कॅमेरे, प्रिंटर, बिलांचा संगणक, पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती असलेले फोल्डर, सगळे त्याच्या आवाक्यात येते. दुसऱ्याच्या जोडणीवरून गुन्हा करणे हा त्याहून मोठा धोका. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या थोडे आधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वायफायवरून पाठवला गेला होता आणि तपास आधी त्या घरी पोहोचला. अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

डब्ल्यूपीए२ घेतले की काम संपले असे नाही. जोडणीच्या वेळची देवाणघेवाण एकदा टिपली की पासवर्डचे अंदाज घरी बसून तपासता येतात. दुकानाच्या पाटीवरचा मोबाइल नंबर हाच पासवर्ड असेल, तर चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचे काम आहे. २०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये असा घरबसल्या अंदाज लावण्याचा मार्ग बंद करण्यात आला आहे.

केवळ डब्ल्यूईपी समजणारे उपकरण टाकून देता येत नसेल, तर ते केबलने जोडावे. पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे ठेवावे, डब्ल्यूपीएस बंद करावे, राउटरमध्ये मिश्र पद्धतीऐवजी डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे. शॅकवाले ऑक्टोबरात राउटर पुन्हा लावतात, तेव्हा या गोष्टी एकदा पाहून घेता येतात. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून संगणक डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपीच्या नेटवर्कला जोडताना ते सुरक्षित नसल्याची सूचना देतो. कुणा पाहुण्याच्या लॅपटॉपवर ती दिसली, तर राउटरची मांडणी त्याच दिवशी बदलावी.