बटरस्कॉच पुडिंगची चव पातेल्यातून पाकिटात कशी गेली

बटरस्कॉच पुडिंगमध्ये दोन जुन्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: बटर आणि साखर एकत्र उकळून केलेली कडक गोळी आणि मक्याच्या स्टार्चने दाट केलेले दूध. दोघींचा उगम वेगळा, काळही थोडा पुढेमागे. दाटपणा दुसरीने दिला. चव मात्र जवळजवळ सगळी पहिलीची आहे.

ती गोळी इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची. डॉनकॅस्टर गावातल्या पार्किन्सन यांच्या बटरस्कॉचचे नाव इतके झाले, की १८५१ मध्ये राणी व्हिक्टोरिया तिथे आली तेव्हा तिला त्याचा डबा भेट देण्यात आला. त्याआधी, १८४८ मध्ये लिव्हरपूलच्या एका वृत्तपत्रात ‘डॉनकॅस्टर बटरस्कॉच’ची कृती छापून आली होती. एक पौंड बटर, एक पौंड साखर आणि पाव पौंड ट्रीकल, म्हणजे साखर शुद्ध करताना उरणारा काळपट पाक. हे सगळे एकत्र उकळायचे. साखरेइतकेच बटर! आजच्या बहुतेक कृतींत बटर चमच्याने मोजलेले असते. तेव्हाच्या मापातले ते औदार्य मला फार मोलाचे वाटते.

त्या ट्रीकलची जागा पुढे अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांत ब्राउन शुगरने घेतली. ब्राउन शुगरला मोलॅसिसचा म्हणजे मळीचा अंश असतो, आणि किंचित कडवट, मातकट, आंबूस अशी खोल चव त्यातूनच येते. नुसत्या पांढऱ्या साखरेचा पाक जाळला तर कॅरॅमल होते. तेही उत्तम, पण ते बटरस्कॉच नव्हे.

स्टार्चची गोष्ट थोडक्यात आटपते. थॉमस किंग्सफर्ड यांनी १८४२ मध्ये अमेरिकेत मक्यापासून स्टार्च वेगळे केले, ते कपड्यांना खळ देण्यासाठी. ते खाण्यात आले नंतर. स्कॉटलंडमध्ये ब्राउन अँड पोल्सन कंपनीने १८५४ मध्ये कॉर्नफ्लॉरचे पेटंट घेतले. दूध घट्ट करायला आता अंड्यांवरच विसंबण्याची गरज उरली नाही. दुधाचे पुडिंग स्वस्त आणि सोपे झाले.

विसाव्या शतकात पुडिंगची तयार पूड पाकिटातून मिळू लागली आणि इथेच चवीचा घात झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. पाकिटात साखर, स्टार्च, रंग आणि स्वाद असे सगळे होते, फक्त बटर आणि साखर एकत्र उकळण्याची पायरी गेली. बटरच्या वासाचा एक मुख्य घटक म्हणजे डायअसिटिल. तो वेगळा तयार करून मिसळता येतो आणि नाकाला बटरस्कॉच ओळखू येते. पण नुसता तो घटक म्हणजे पूर्ण चव नव्हे.

पातेल्यात काय घडते ते पाहिले की फरक कळतो. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो; उरलेल्यात बरेचसे पाणी आणि थोडे दुधाचे घन पदार्थ. पाणी आटेपर्यंत तापमान फारसे चढत नाही. ते आटले की दुधातली प्रथिने आणि शर्करा यांची एकमेकांवर क्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ही अभिक्रिया. दूध आधीच ओतले तर मिश्रण १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकते आणि तेवढ्या वेळात हा खमंगपणा येतच नाही. म्हणून चांगल्या घरगुती कृतीत बटर आणि ब्राउन शुगर आधी मंद आचेवर, फेस येऊन भाजका वास सुटेपर्यंत शिजवतात. मीठही त्यातच. मग क्रीम किंवा दूध गरम करून, थोडे थोडे घालायचे. साखर आधी कडक होऊन गोळा धरते. घाबरू नये, ढवळत राहिले की विरघळते.

मोलॅसिस आम्लधर्मी असल्यामुळे दूध फुटण्याचा धोका असतो, म्हणून कुणी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. त्याने रंगही लवकर गडद होतो. अंड्याचा बलक घातला असेल, तर मात्र मिश्रणाला सतत ढवळत एक नीट उकळी येऊ द्यायलाच हवी. बलकातले अमायलेज हे विकर स्टार्च तोडते, आणि उकळीने ते निकामी केले नाही तर रात्री घट्ट झालेले पुडिंग सकाळी पातळ झालेले सापडते.