आज धूर थांबवला तरी पृथ्वी तापतच राहणार?

‘आज सगळं उत्सर्जन थांबवलं तरी पृथ्वी पुढची कित्येक दशकं तापतच राहणार’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. हवामानाच्या काळजीनं झोप उडालेल्यांना तर ते तोंडपाठ. गफलत साधी आहे. हे वाक्य ज्या जुन्या गणितातून आलं, त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड आहे तेवढाच राहील, असं धरलं होतं. पण उत्सर्जन शून्यावर आलं, की समुद्र आणि जंगलं तो शोषत राहतात, हवेतलं प्रमाण उतरू लागतं. समुद्र सावकाश तापत असल्यामुळे जी तापमानवाढ अजून व्हायची बाकी असते, ती या घटीमुळे जवळपास रद्द होते. तापमानवाढ बहुतांशी थांबते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीचा २०२१चा अहवालही हेच सांगतो.

थांबते, उलटत नाही. समुद्राची पातळी शतकानुशतकं चढतच राहील. ते दुःख मात्र खरंच आहे.