मधुमेहासाठी दिलेलं रक्त

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुपाई नावाचं गाव आहे. गावाला गाडीरस्ता नाही. तेरा किलोमीटरची पायवाट उतरायची, नाहीतर घोड्यावर किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसायचं. टपालसुद्धा खेचरांवरूनच येतं. इथे हवासुपाई राहतात. नावाचा अर्थ ‘निळ्या-हिरव्या पाण्याची माणसं’. सगळी मिळून साडेसहाशेच्या आसपास.

या एवढ्याशा जमातीत मधुमेह घरोघरी शिरला. कुणाचा पाय कापावा लागला, कुणाला डायलिसिससाठी गाव सोडावं लागलं. १९८९ मध्ये जमातीनेच ओळखीच्या मानववंशशास्त्रज्ञाकडे मदत मागितली. ते अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात होते. मुळात प्रश्न जमातीचा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढच्या वर्षापासून लोकांनी विश्वासाने रक्त दिलं.

संमतीपत्रावर मात्र मोघम लिहिलं होतं: ‘वर्तनविषयक आणि वैद्यकीय विकारांच्या कारणांचा अभ्यास’. इंग्रजी ही तिथल्या अनेकांची दुसरी भाषा. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घ्यायचे, त्याचीच आठवण होते.

रक्ताचं एक वैशिष्ट्य आहे. गोठवून ठेवलं की त्यातल्या पांढऱ्या पेशींमधला डीएनए वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्याला रोज नवा प्रश्न विचारता येतो. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्नं करणाऱ्या लहान जमातीत जनुकांची विविधता कमी असते, म्हणून अशा जमातीचं रक्त जनुकशास्त्रज्ञांना फार मोलाचं वाटतं. मधुमेहासाठी दिलेल्या त्याच नळ्यांवर स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा, नात्यातल्या लग्नांचा आणि पूर्वज आशियातून आले का याचाही अभ्यास झाला. आपण याच दरीत जन्मलो आणि तिचे राखणदार आहोत, असं हवासुपाई मानतात. त्यांच्याच रक्तातून त्यांच्या उगमकथेला छेद गेला, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

२००३ मध्ये त्याच विद्यापीठात याच रक्तावर केलेल्या एका प्रबंधाचं सादरीकरण होतं. जमातीतली एक तरुणी ऐकायला बसली होती. तिने विचारलं, या कामासाठी परवानगी घेतली होती का? तिथून सगळं बाहेर आलं.

संशोधकांचा बचाव असा, की संमतीपत्राच्या शब्दांत हे सगळं बसतं. शब्दांत बसत असेलही. पण ते शब्द लिहिले कुणी? फ्रीझरची किल्ली कुणाकडे होती? सही झाल्यानंतर प्रश्न बदलायची ताकद एकाच बाजूकडे होती, आणि दुसऱ्या बाजूला तो बदलला हेसुद्धा कळत नव्हतं. आपल्याकडे नंदुरबार-गडचिरोलीत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासाठी आदिवासींचं रक्त घेतलं जातं. त्या नळीचं पुढे काय होणार, हे देणाऱ्याला त्याच्या बोलीत आधी सांगितलंच पाहिजे.

जमातीने खटले भरले. त्यांवर विद्यापीठाचे सुमारे १७ लाख डॉलर गेले. एप्रिल २०१० मध्ये तडजोड झाली: जमातीतल्या ४१ जणांना ७ लाख डॉलर, आणि उरलेलं रक्त परत. जमातीची माणसं ते न्यायला आली. फ्रीझरसमोर उभं राहून ती आपल्या भाषेत गायली, रडली. त्यातलं काही रक्त देणारी माणसं तोवर वारली होती.