मागचं इंजिन गार्लिट्स यांनी ‘शोधलं’ नाही
‘ड्रॅगस्टरचं, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या वेगवान शर्यतीच्या गाडीचं, इंजिन चालकाच्या मागे बसवणं हा अमेरिकी शर्यतचालक डॉन गार्लिट्स यांचा शोध’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. अशा गाड्या अमेरिकेत आधीपासून होत्या. फक्त सरळ धावत नाहीत म्हणून बदनाम होत्या.

तेव्हा बहुतेक ड्रॅगस्टरमध्ये मात्र इंजिन पुढे असे आणि चालक इंजिनामागे, गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसे. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ट्रॅकवर तोच गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. बरे होऊन त्यांनी इंजिन मागे नेलं, आणि खरी मेख सापडली: स्टिअरिंग जरा हलवलं तरी चाकं जास्तच वळत. त्यांनी स्टिअरिंग मंद केलं, म्हणजे तेवढ्याच हालचालीने चाकं कमी वळू लागली आणि गाडी सरळ धावू लागली. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथेच आहे. १९७१ची कॅलिफोर्नियातल्या पोमोनाची ‘विंटरनॅशनल्स’ ही ड्रॅग शर्यत त्यांनी याच रचनेच्या गाडीने जिंकली.