मेकॅनिकल की रेग्युलेटेड: व्हेपच्या स्वस्ताईचा हिशेब कसा उलटला

‘पैसे कमी असतील तर मेकॅनिकल घ्या, आत सर्किटच नाही, मग बिघडणार काय?’ व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, वापरणाऱ्यांमध्ये हा सल्ला अजूनही ऐकू येतो. एके काळी तो रास्त होता. साधारण २००९ ते २०१४ या काळात कमी पैशांत टिकाऊ उपकरण हवं असेल, तर नळीवजा मेकॅनिकल मॉडला तोड नव्हती. पुढे चिप स्वस्त झाल्या, द्रवाची वाफ करणाऱ्या तारेच्या कॉइलचा रेझिस्टन्स खाली आला आणि सगळा हिशेब उलटला. सल्ला मात्र जिथल्या तिथे राहिला, आणि त्यापायी माणसं भाजली आहेत. म्हणून हे सगळं मुळापासून पाहायला हवं.

मेकॅनिकल मॉड म्हणजे टॉर्चसारखी पितळेची, तांब्याची किंवा स्टीलची नळी. आत एक १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब), बुडाला बटण, माथ्यावर ॲटोमायझर, म्हणजे कॉइल आणि द्रव असलेला भाग. बटण दाबलं की सेलचं निगेटिव्ह टोक नळीला जोडलं जातं, नळीतून करंट वर जातो आणि कॉइल तापते. मध्ये वायर नाही, फ्यूज नाही. रेग्युलेटेड मॉडमध्ये सेल आणि कॉइल यांच्यामध्ये चिप बसते. ती आधी रेझिस्टन्स मोजते, आपण ठरवलेले वॉट देते, आणि शॉर्ट दिसला तर करंट सोडतच नाही.

इलेक्ट्रिक सिगारेटची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये धूरविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६५ मध्ये पेटंट मिळालंही; पण वस्तू बाजारात आली नाही. आजच्या उपकरणांचा उगम चीनमधले फार्मासिस्ट होन लिक यांच्या २००३ च्या कामात आहे. त्यांच्या सुरुवातीच्या रचनेत द्रवाचे तुषार अल्ट्रासॉनिक कंपनांनी उडवले जात. तापणारी कॉइल नंतर सर्वत्र रूढ झाली. २००४ मध्ये चीनमध्ये विक्री सुरू झाली आणि २००६-०७ पर्यंत ही उपकरणं युरोप-अमेरिकेत पोचली.

ती दिसायला हुबेहूब सिगारेट होती आणि तीच त्यांची अडचण होती. तेवढ्याशा नळीत मावणारा सेल तो केवढा! काही तासांत बॅटरी संपायची, वाफ पातळ, आणि सिगारेट सोडू पाहणारा माणूस वैतागून पुन्हा पाकिटाकडे वळायचा. मोठ्या बॅटरीची गरज इथून निर्माण झाली. ब्रिटनमध्ये टेड आणि मॅट रॉजर्स यांनी २००८ च्या सुमारास टॉर्चच्या अंगात मोठा सेल बसवून ‘स्क्रूड्रायव्हर’ नावाचं उपकरण केलं. मूळ वस्तूत फेरफार केलेली, म्हणून ती मॉडिफाइड. त्यातूनच ‘मॉड’ हा शब्द रुळला. त्याच सुमारास जॉयटेक कंपनीच्या ५१० या मॉडेलची चुडी (स्क्रूसारखे आटे), म्हणजे ७ मिमी व्यास आणि अर्ध्या मिलिमीटरचा पिच, इतकी पसरली की आजही बहुतेक मॉडच्या माथ्यावर तीच असते. एकाची नळी आणि दुसऱ्याचा टँक (द्रवाची टाकी असलेला ॲटोमायझर) जुळायला लागले ते या चुडीमुळे.

त्या काळात सर्किट नसणं धोक्याचं का नव्हतं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. तेव्हाच्या कॉइल २ ते ३ ओहमच्या असत. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो. ४.२ भागिले २.४ म्हणजे पावणेदोन ॲम्पिअर, जेमतेम ७ वॉट. एवढा करंट १८६५० सेलला काहीच नाही. नळीत संरक्षण नव्हतं, पण संरक्षण लागावं असा भारही नव्हता. ‘मेकॅनिकल बिघडत नाही’ ही ख्याती या सात वॉटांवर उभी आहे.

उलट त्या वेळची इलेक्ट्रॉनिक्स महाग होती आणि बरीचशी सुमार. प्रोव्हॅपची ‘प्रोव्हारी’ आणि इव्हॉल्व्हची ‘डार्विन’ ही चांगली उपकरणं. पण त्यांच्या किमती दीडशे डॉलरच्या वर. स्वस्तातल्या व्हेरिएबल व्होल्टेज मॉडमधली चिप सेकंदाला सुमारे ३३ वेळा करंट चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज जुळवायची. कॉइलला मात्र सरासरीशी देणंघेणं नसतं. ती आरएमएस, म्हणजे उष्णतेच्या हिशेबातल्या परिणामी, व्होल्टेजने तापते, आणि तो आकडा सरासरीपेक्षा जास्त असतो. म्हणून पडद्यावर कमी व्होल्ट दाखवूनही वाफ करपट लागायची आणि कॉइलमधून खुळखुळ्यासारखा आवाज यायचा. अशी चिप घेण्यापेक्षा साधी नळी बरी, असं जाणकार म्हणत, आणि त्यात चूक नव्हती.

२०१२ च्या सुमारास इव्हॉल्व्हने एक मजेदार मधला मार्ग काढला होता: ‘किक’ नावाची नाण्याएवढी चकती. मेकॅनिकल नळीत सेलच्या वर ती बसवली की तीच नळी रेग्युलेटेड व्हायची, शॉर्टपासून संरक्षणही मिळायचं. जागा करण्यासाठी सेल आखूड घ्यावा लागे, म्हणून बॅटरी लवकर संपे. हा तोडगा फार काळ टिकला नाही, पण चिप आणि नळी यांचं भांडण नव्हतं हे त्यातून दिसतं. प्रश्न चिपच्या किमतीचा आणि जागेचा होता.

मग कॉइल स्वतः गुंडाळायची पद्धत आली आणि सगळं पालटलं. २०१२-१३ पासून रेझिस्टन्स एक ओहमच्या खाली जाऊ लागला. याला सब-ओहम म्हणतात. अर्ध्या ओहमला ४.२ व्होल्टवर साडेआठ ॲम्पिअर, ३५ वॉट. ०.२ ओहमला २१ ॲम्पिअर, ८८ वॉट. ०.१ ला ४२ ॲम्पिअर, आणि इतका करंट सतत देणारा कोणताही १८६५० सेल नाही. सॅमसंगचा २५आर किंवा एलजीचा एचजी२ यांसारख्या नामांकित सेलची सतत देण्याची मर्यादा २० ॲम्पिअर आहे. म्हणजे नळी तीच, बटण तेच, पण जिथे दोन ॲम्पिअर वाहत होते तिथे वीस वाहू लागले, आणि मध्ये अजूनही काहीच नव्हतं.

इथे किती बारीक चूक महागात पडते ते पाहा. तुम्ही ०.२ ओहमची कॉइल केली, पण तिचे दोन वेढे एकमेकांना टेकले किंवा तारेचा पाय डेकला, म्हणजे कॉइल बसवायच्या धातूच्या तळाला, लागला आणि खरा रेझिस्टन्स ०.१५ झाला. फरक अवघा ०.०५ चा, करंट २१ वरून २८ ॲम्पिअरवर जातो. साधा घरगुती मल्टिमीटर एवढा फरक विश्वासाने दाखवत नाही, त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त भरतो. वेगळा ओहम मीटर लागतोच. २० ॲम्पिअरच्या सेलवर ०.३ ओहमच्या खाली न जाणं, म्हणजे १४ ॲम्पिअरवर थांबणं, हा शहाणपणाचा हिशेब.

दुसरा घातक प्रकार हायब्रिड जोडणीचा. करंट वाटेत वाया जाऊ नये म्हणून नळीच्या माथ्यावरची मधली पिन काढून टाकली गेली. ॲटोमायझरची पिनच थेट सेलच्या पॉझिटिव्ह टोकावर टेकते. ही पिन चुडीच्या कडेपेक्षा स्पष्ट बाहेर आलेली आणि घट्ट हवी, स्प्रिंगवर मागे सरकणारी नको. अनेक तयार टँकांची पिन कडेच्या जवळपास समपातळीत असते. असा टँक हायब्रिडवर चढवला की चुडीची कड, जी निगेटिव्ह असते, सेलच्या पॉझिटिव्ह टोकाला लागते. हा सरळ शॉर्ट. बटणाचाही संबंध उरत नाही. सेलमधला वायू जोराने बाहेर पडतो आणि नळीला पुरेशी भोकं नसतील तर तिची टोकं गोळीसारखी सुटतात.

सेलचं आवरण हाही असाच दुर्लक्षित भाग. १८६५० चा सगळा धातूचा डबा निगेटिव्ह असतो. पॉझिटिव्ह फक्त वरची टोपी. दोन्हींमध्ये एक पातळ गोल वॉशर आणि प्लॅस्टिकचं आवरण एवढंच अंतर. टोपीजवळ आवरण नखाएवढं फाटलं तरी तो सेल धातूच्या नळीत घालायचा नाही. नवं आवरण आणि वॉशर अगदी किरकोळ पैशांत मिळतं, हेअर ड्रायरच्या गरम हवेने बसतं.

मधल्या काळात हौशी लोकांनी ॲल्युमिनियमच्या डब्यात मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवून ‘अनरेग्युलेटेड बॉक्स’ही केले. बटणावरचा भार मॉसफेटने घेतला, पण मॉसफेट जळतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, आणि मग बटण सोडलं तरी कॉइल तापत राहते. दोन सेल सिरीजमध्ये असतील तर व्होल्टेज ८.४. तिथे ०.४ ओहमच्या कॉइललाही २१ ॲम्पिअर जातात. हे नवख्याचं काम नव्हे.

खरं वळण २०१४ चं. इव्हॉल्व्हची डीएनए४० ही चिप निकेलच्या तारेचा बदलता रेझिस्टन्स मोजून तापमान आवरू लागली; कॉइलमधली द्रव शोषणारी वात कोरडी पडली की करंट आपोआप कमी. ही महागड्या उपकरणांची गोष्ट. खिशाच्या दृष्टीने मोठी घटना म्हणजे इलीफची छोटी ‘आयस्टिक’: २० वॉट, आत २२०० एमएएचची बॅटरी, यूएसबीने चार्ज होणारी, आणि किंमत चाळीस डॉलरच्या आसपास. त्या वेळी नावाजलेल्या कारागिरांच्या मेकॅनिकल नळ्या शंभर डॉलरच्या पुढे जात. त्यांच्या चिनी नकला वीस-तीस डॉलरला मिळत. म्हणजे नकली नळी, दोन सेल, बाहेरचा चार्जर आणि ओहम मीटर यांची बेरीज आयस्टिकपेक्षा जास्त भरू लागली. २०१५ मध्ये एका सेलवर ७५ वॉट देणारे छोटे मॉड आले आणि मेकॅनिकलचा ‘जास्त दम’ हा उरलासुरला दावाही गेला.

रेग्युलेटेड घेतला की सेलचा विचार संपला, असं मात्र नाही. मेकॅनिकलमध्ये करंट कॉइल ठरवते. रेग्युलेटेडमध्ये तो तुम्ही लावलेले वॉट ठरवतात. वॉटला ३.२ व्होल्टने आणि चिपच्या साधारण ०.९ कार्यक्षमतेने भागा. ७५ वॉटला सेल उतरत आल्यावर सुमारे २६ ॲम्पिअर ओढले जातात, २० च्या मर्यादेबाहेर. एका सेलवर ५० ते ५५ वॉटपर्यंत राहिलं तर सेल सांभाळला जातो. त्याहून जास्त हवं असेल तर दोन सेलचा मॉड घ्यावा, आणि ते दोन सेल एकाच वेळी विकत घेतलेले, एकत्रच चार्ज होणारे असावेत.

सेल बनवणाऱ्या कंपन्यांनी सुटे १८६५० ग्राहकांनी वापरू नयेत असं वेळोवेळी बजावलं आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानेही २०२१ मध्ये तोच इशारा दिला. तरी हे सेल बाजारात मिळतात, आणि नकलीही मिळतात. आवरणावर ९९०० एमएएच लिहिलेला १८६५० खोटाच. खरा सेल ३६०० च्या पलीकडे फारसा जात नाही. तराजूवर ठेवून पाहा: खरा ४४ ते ४८ ग्रॅम भरतो, नकली कितीतरी हलका.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ च्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातल्या स्फोट आणि आगीच्या १९५ घटना मोजल्या. त्यांपैकी १२१ वेळा उपकरण वापरात होतं, किंवा उपकरण वा सुटा सेल खिशात होता. खिशातल्या किल्ल्या आणि नाणी शॉर्ट करायला पुरतात, म्हणून सुट्या सेलला प्लॅस्टिकची डबी हवीच. २०१८ मध्ये फ्लोरिडात मेकॅनिकल मॉडचा स्फोट होऊन एकाचा मृत्यू झाला. कायदेही याच सुमारास कडक झाले: युरोपात मे २०१६ पासून टँक २ मिलिलिटरचा आणि निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंतच, अमेरिकेत ऑगस्ट २०१६ पासून नव्या उपकरणाला आधी परवानगी घ्यावी लागते. पुढे छोट्या पॉडनी, म्हणजे द्रवाची छोटी कुपी बसणाऱ्या तयार उपकरणांनी, बहुतेक बाजार व्यापला आणि मेकॅनिकल हौशी मंडळींपुरतं उरलं.

आजही कुणाला नळीच हवी असेल, तर तिला कुलूप होणारं बटण आणि वायू बाहेर पडायला भोकं आहेत का, हे आधी पाहावं. तांब्याच्या नळीच्या चुड्या काळवंडतात. काळ्या थराने रेझिस्टन्स वाढतो आणि नळी हाताला तापायला लागते. चुड्या आणि संपर्काच्या जागा आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. सेल उतरला की थांबवणारं आत काही नसतं. ०.३ ओहमवर ४.२ व्होल्टला ५९ वॉट मिळतात, ३.२ ला ३४. वाफ मंदावली की तो सेल काढायचा इशारा, कॉइल बदलायचा नव्हे. बजेट मोजकं असेल तर एका सेलचा नामांकित रेग्युलेटेड मॉड, दोन खरे सेल आणि बाहेरचा चार्जर हीच खरेदी योग्य. निकोटिनचं व्यसन दोन्हींत सारखंच लागतं.

हा सगळा हिशेब परदेशातला आहे. भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि मग त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात बंद आहे, निकोटिन असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा केल्याची शिक्षा वेगळी. लंडनहून किंवा ऑकलंडहून सुट्टीला घरी येणाऱ्यांनी मॉड, मेकॅनिकल असो की रेग्युलेटेड, बॅगेत न घालता तिकडेच ठेवावा.